गुलाबी पुंगळीतला पाचवा रविवार

मे अर्धा सरला की आमच्या भिलाईतल्या नेहरू नगरच्या घरात माझी नात चिडचिडी होते. इटलीतल्या एका बड्या क्लबवर तिचा जीव आहे. तिच्या खोलीच्या दाराला त्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट लटकलेला असतो आणि तो मी धुवायला घेतला तर घरात महाभारत होतं. मे महिन्यात तिकडची लीग संपत येते. परवा आम्ही जेवत होतो. तिचा मोबाईल टुणकन वाजला, तिने डाव्या हाताने तो उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "आजी, हार गए." मग वरणावर लिंबू पिळलं आणि जेवली. मला एकदम तिचा रागच आला. हरलात ना? मग दोन मिनिटांत कळतं कसं, आणि दोन मिनिटांत संपतं कसं? आमच्या घरी हरायला सहा आठवडे लागायचे.

तिला हे बोलून दाखवलं नाही. तिला वाटतं फुटबॉलमधलं आजीला काय कळणार. पण कूलरच्या ओल्या गवताचा वास यायला लागला की माझ्या नाकात दुसराच वास घुसतो. बोटीतून आलेल्या कागदाचा, सुतळीचा, बाबांच्या लोखंडी पेटीतल्या डांबरगोळ्यांचा. मग दोन-तीन दिवस माझं कशात लक्ष लागत नाही. त्या एका सीझनला साठ वर्षं होऊन गेली, तरी तो माझ्यापुरता संपलेला नाही.

माझे बाबा, कवडू त्यांचं नाव, भंडाऱ्याकडचे. भिलाईत पोलादाचा प्लांट बांधायला सुरुवात झाली तेव्हा डंपर चालवायला आले. भंडाऱ्याकडचा महार माणूस, पुढे नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेला, दिवसभर लाल मातीचा भराव टाकणारा, आणि जीव कशावर तर इटलीतल्या काल्वेनो नावाच्या बारक्या गावच्या फुटबॉल टीमवर. हसू आलं तर हसा. प्लांटच्या कामगारांच्या आमच्या कॅम्पातही हसायचे.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत बाबा फौजेत लॉरी चालवत. लढाई इटलीत गेली तशी त्यांची लॉरीही गेली. काल्वेनोत त्यांची तुकडी एक अख्खा हिवाळा अडकून पडली. तिथे नेल्लो नावाच्या मोच्याने त्यांचे बूट शिवून दिले आणि जेवायला घरी ये म्हणाला. बाबा गेले, आणि सवयीने उंबऱ्याच्या बाहेरच बसले. बाहेर बर्फ होता. नेल्लोला वाटलं पाहुणा लाजतोय. त्याने बाही धरून आत ओढलं. आत टेबलावर एक मोठा लाकडी पाट होता. त्या पाटावर नेल्लोच्या बायकोने मक्याच्या घट्ट कण्या ओतल्या आणि सगळं घर चारी बाजूंनी त्याच पाटावरून खायला लागलं. वेगळं ताट नाही, वेगळी वाटी नाही. बाबांच्या पुढ्यातला घास आणि नेल्लोच्या पुढ्यातला घास खाता खाता मधोमध येऊन भेटले.

"मी तवा चोवीस वर्साचा होतो," बाबा सांगत. "गावात मले वरून पानी वाढत. अन् हा गोरा माणूस माह्याच पाटावरचं खाऊन राहिला. मले घास गिळवे ना."

हे सांगताना ते दर वेळी थांबत, आणि आम्ही खाली मान घालून बसत असू. कारण डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं की नाही हे त्यांचं त्यांना ठरवायला वेळ लागे.

नेल्लो त्या गावच्या क्लबच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचा. क्लबच्या शर्टावर देवळाच्या घंटेचं चित्र होतं, म्हणून बाबांच्या बोलण्यात ते कायम "घंटीवाले". मैदानात तोफगोळ्यांचे खड्डे पडले होते. बाबांनी साहेबाला न विचारता चार लॉरी माती आणून ते बुजवले. लढाई थांबल्यावर पहिला सामना त्याच मैदानावर झाला आणि तो बाबांनी नेल्लोच्या शेजारी उभं राहून पाहिला. "त्या मैदानात माही चार लॉरी माती हाय," असं ते म्हणत. भिलाईत त्यांनी किती हजार डंपर माती टाकली असेल, तिच्याबद्दल एवढ्या मालकीने ते कधी बोलले नाहीत.

पुढे नेल्लो दर महिन्याला तिकडच्या जिल्ह्याचे खेळाचे पेपर पाठवायचा. आठवड्याला एक निघे, गुलाबी कागदाचा. चार-पाच पेपर एकावर एक गुंडाळून, सुतळी बांधून, त्याची पुंगळी करून तो बोटीने रवाना करी. सगळ्यांत जुना पेपर बाहेर, सगळ्यांत ताजा पोटात. सुतळीखाली चार ओळींची चिठ्ठी खोचलेली असे. फौजेत बाबांना रोमन अक्षरं शिकवली होती, हिंदी त्या अक्षरांत लिहायला. इटालियन भाषा जशी लिहितात तशीच बोलतात म्हणे, त्यामुळे बाबा बोट ठेवून ती वाचत आणि अर्धीअधिक त्यांना समजे.

पुंगळी यायला सहा आठवडे लागत. आता तुम्ही म्हणाल, आली की सगळे पेपर वाचून टाकावेत. छे. बाबांचा कायदा होता. एका रविवारी एकच पेपर, तोही क्रमाने. पुढचं बघायचं नाही. "तिथं जसं रविवारी कळते तसंच इथं कळलं पाहिजे," म्हणायचे. रविवारची सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी दिवाळीची सुट्टी दुसऱ्या ड्रायव्हरला देऊन टाकली होती.

रविवारी जेवणं झाली की बाबा आंघोळ करून पांढरा शर्ट घालून खाटेवर बसत. मी पेटीतून पुंगळी आणून देई. वरचा पेपर सोडवला की उरलेल्या पुंगळीवर बाबा लगेच दुपट्टा टाकत, पुढच्या पेपरातलं अक्षर चुकून डोळ्यांवर पडू नये म्हणून. पण आजच्या पेपराच्या मथळ्यातच निकाल असणार, त्याचं काय? त्याला माय होती. मायला अक्षर येत नव्हतं. घरात हा पेपर बिनधोक उघडू शकणारी तेवढी एकच व्यक्ती. ती पेपर पसरायची आणि मोठ्या अक्षरांवर पोळपाट ठेवायची. मग बाबा खालची बारीक अक्षरं वाचत वाचत सामना सांगत. पोळपाटाखाली निकाल आणि पोळपाटावर मायचा हात, आणि आम्ही श्वास धरून बसलेलो.

ऐकायला शेजारचे सदाशिवकाका येत. ते फिटर, साकोलीकडचे कुणबी, जिभेचे तिखट. टिंगल करायलाच आले होते पहिल्यांदा. "लेका कवडू, वरात जाऊन महिना झाला अन् तू आत्ता फेटा बांधून राहिला," असं म्हणून खो खो हसले. पण पुढच्या रविवारी परत आले, आणि त्याच्या पुढच्याही. येताना चहासाठी आपला पितळी गिलास आपल्या घरून घेऊन येत. त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. त्यांनीही नाही, आम्हीही नाही. बाबा त्या गिलासात चहा ओतत आणि घंटीवाल्यांचा गोलकीपर कसा आंधळा आहे ते सांगत.

ज्या वर्षाची गोष्ट मी टाळत टाळत इथवर आणली, त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. पहिली ब्लास्ट फर्नेस पेटून एखादं वर्ष झालं होतं. आमच्या चटईच्या भिंतींवर, भातावर, वह्यांवर बारीक धूळ बसायची. प्लांट रोज वाढत होता आणि घंटीवाले रोज बुडत होते. तिकडच्या लीगमध्ये शेवटी ज्या टीम तळाला राहतात त्या खालच्या लीगमध्ये ढकलल्या जातात, नापास पोरासारख्या. काल्वेनो तळापासून दुसरी होती. खाली गेली तर क्लबच मोडायचा, असं नेल्लोने चिठ्ठीत लिहिलं होतं. मैदान विकून टाकतील, म्हणाला.

बाबांची झोप उडाली. मैदान विकलं तर त्यावर कोणी घरं बांधेल. मग तो पाट, तो हिवाळा, ती बाही धरून आत ओढणं, ते झालं होतं याची खूण कुठे राहिली? आम्ही कोणी ते पाहिलं नव्हतं. मायला तर अर्धी गोष्ट बढाई वाटायची. बाबांकडे त्या घराचा फोटो नव्हता. त्यांच्या आयुष्यात एका माणसाने त्यांना माणसासारखं बसवलं होतं, आणि त्याचा पुरावा म्हणून जगात चार लॉरी माती होती. ते डंपर घेऊन जात तेव्हाही ओठ हलत असत. गुण मोजत असत, कोण किती हरलं तर आपण किती वर येतो ते.

त्यांनी नेल्लोला पत्र लिहिणंही थांबवलं. एरवी पुंगळी वाचून संपली की ते एक पत्र टाकत. त्या सीझनला म्हणाले, "आता शेवटचा पेपर वाचल्यावरच लिहीन. टीमचं काय होते ते मालूम नसतानी काय लिवाव?"

जुलैच्या मध्यावर शेवटची पुंगळी आली. पाच सामने, पाच पेपर. पत्ता नेल्लोच्या तिरक्या अक्षरात नव्हता, गोल गोल अक्षरात होता. सुतळीखाली चिठ्ठी नव्हती. मी बाबांना म्हटलं, "बाबा, हे अक्षर दुसऱ्याचं हाय."

"पोरीनं लिवलं असन त्याच्या. शाळेत जाते ना आता थे."

"अन् चिठ्ठी?"

"कामात असन, बाई. ठेव पेटीत."

मी पुंगळी पेटीत ठेवायला घेतली. पुंगळीला दोन्ही बाजूंनी तोंड असतं. सहज म्हणून एका तोंडातून आत पाहिलं तर गुलाबी वेटोळ्यांच्या अगदी पोटात, शेवटच्या पेपराला चिकटून, एका निळसर पाकिटाची कड दिसत होती. मी ती पाहिली. चांगली पाहिली. आणि पेटीचं झाकण लावलं.

कावून नाही सांगितलं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की त्याची धार गेली. मी अकरा वर्षांची होते आणि घरात पुंगळी हाताळायचा मान माझा होता. पुढचं बघायचं नाही हा कायदा, आणि मी बघितलं होतं. सांगितलं असतं तर मान गेला असता. बस, एवढंच. याहून मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

पहिला रविवार, हार. दुसरा रविवार, बरोबरी. बाबांनी जेवण अर्धं केलं होतं. तिसऱ्या रविवारी परत हार, तीही शेवटच्या मिनिटाला. पोळपाट उचलल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून निजले. त्याच आठवड्यात कधीतरी मायने तांदळाचा डबा काढला तर त्यातून नारळ गडगडत बाहेर आला. बाबा समोरच होते.

"हा काय हाय?"

मायने पदर सारखा केला. "कोहक्याच्या शीतलामाईले बोलली मी. तुमची टीम वाचली तर फोडीन म्हणून."

"नागपूरले हात वर करून शपथ घेतली आपण. नवस करनार नाई म्हणून घेतली. लाज नाई वाटली तुले?"

माय एरवी उलट बोलायची नाही. पण तीही महिनाभर या माणसाच्या उतरलेल्या तोंडाकडे बघत होती. ती म्हणाली, "मी नारळ आनला. तुमी त्या पुड्याची पूजा करता, रविवारी न्हाऊन, पांढरा सदरा घालून, थे काय हाय मंग?"

बाबा तिच्यावर हात उगारतात की काय असं मला वाटलं. त्यांनी उगारला नाही. नारळ घेऊन ते बाहेर गेले आणि नळावर आलेल्या कोणाच्या तरी पोराला देऊन आले. परत आल्यावर चपला काढायच्या विसरून तसेच खाटेवर बसून राहिले. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची कीव आली. बाकीची माणसं अशा वेळी देवाच्या पायावर डोकं ठेवतात, हातात काहीतरी बांधतात, उपास धरतात. बाबांनी ते सगळं स्वतःच्या हाताने सोडलं होतं, आणि बरोबरच सोडलं होतं. पण मागणं तर आतून येतच होतं. ते ठेवायला जागा नव्हती.

चौथ्या रविवारी घंटीवाले जिंकले. आता सगळं शेवटच्या सामन्यावर आलं. बरोबरी झाली तरी वाचणार, हरले तर गेले. सदाशिवकाकांना राहवेना.

"कवडू, फोड ना आता. एकच तर राहिला. थे तर दोन महिन्यामांगं होऊन गेलं. झालं थे झालंच हाय."

"तिकडं झालं असन, सदाशिवभाऊ," बाबा म्हणाले. "इथं नाई झालं."

तो आठवडा माझ्याने सांगवत नाही. बाबांनी डंपर एका खड्ड्यात घातला. थोडक्यात वाचले. माय मुकाट्याने राबत होती. आणि मी रोज शाळेतून आले की पेटीचं झाकण उघडून बघत होते. आता पुंगळीत एकच पेपर उरला होता, त्यामुळे पाकिटाची कड न वाकता सरळ दिसायची. बाबा दुपट्टा टाकतात, त्यांना दिसत नाही, दिसलं ते फक्त मला, असं मी समजून चालले होते. रविवारी निघेलच की आपोआप, असंही म्हणत होते. मनाला समजवायला माणसाला काहीही पुरतं.

पाचव्या रविवारी कॅम्पातली दहा-बारा माणसं आमच्या दारात उभी होती. मायने पेपर पसरताना पाकीट अलगद बाजूला सरकवलं, त्यावर पोळपाटाची एक कड ठेवली आणि हात ठेवून बसली. बाबांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या अर्ध्यात काल्वेनोवर गोल. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, परत बोट ठेवलं. मग दुसऱ्या अर्ध्यात कॉर्नर, डोक्याला लागून चेंडू आत. एक-एक. उरलेल्या ओळी बाबांनी इतक्या हळू वाचल्या की सदाशिवकाका त्यांच्या खांद्याला धरून हलवायला लागले. शेवटी मायने स्वतःच पोळपाट उचलला. टीम वाचली होती. काकांनी मांडीवर थाप मारली, घरी पळत जाऊन गुळाची ढेप आणली आणि फोडून दारातल्या सगळ्यांना वाटली. बाबांच्या चेहऱ्यावर मी तसं सुख ना आधी पाहिलं ना नंतर. त्यांनी गुळाचा खडा मायच्या तोंडात घातला, सगळ्यांच्या देखत. माय लाजली आणि हातातलं पाकीट त्यांना देत म्हणाली, "हे पा, चिठ्ठी बी हाय."

नेल्लोच्या पोरीचं पत्र होतं, जूनच्या पहिल्या आठवड्यातलं. बाबा ते मोठ्याने वाचत होते, आनंदातच, वाचता वाचता आम्हाला अर्थ सांगत. माझे वडील दवाखान्यात आहेत. छातीचं दुखणं आहे. डॉक्टर म्हणतात उन्हाळा निघेल, पुढचं सांगवत नाही. तुम्हाला पेपर मीच गुंडाळून पाठवते आहे, वडील सांगतात तसे. टीम वाचली हे त्यांना कळलं, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. ते रोज दुपारी टपालवाला आला की विचारतात, कावदोचं पत्र आलं का. कावदो म्हणजे बाबा. कवडू म्हणता येत नसे त्यांना. तुम्ही दोन ओळी लवकर लिहा. तेवढंच ते विचारतात.

शेवटच्या दोन ओळी बाबांनी मनात वाचल्या. मग दारातल्या माणसांना म्हणाले, "जा बावा आता." माणसं गेली. गूळ हातात धरून गेली.

पोर ती. बापाने जसं इतकी वर्षं केलं तसंच तिने केलं, पत्र पेपरात घातलं, पुंगळी बोटीवर टाकली. बोटीला सहा आठवडे लागतात हे तिला कोण सांगणार? आणि त्याच्यावर आमच्या घरात आणखी चार आठवडे लागतात, हे तर त्रैलोक्यात कोणाला सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाबा ड्युटी बुडवून दुर्गला पोस्टात गेले. मलाही नेलं, का ते ठाऊक नाही. तारेच्या खिडकीतल्या बाबूने कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "ये कौन सी भाषा है?" बाबा म्हणाले, "आप भेज दो साहब, वो समझ जाएगा." त्यांनी लिहिलं होतं, टीम वाचली, मी आहे, पत्र लिहितो, कावदो. परतताना बसमध्ये ते एकदा माझ्याकडे वळून म्हणाले, "उन्हाळा म्हणते ना थे. तिकडचा उन्हाळा सप्टेंबरपावतर राहते." मी मान हलवली. मला तेव्हा तिकडचा उन्हाळा काय माहीत.

उत्तर विमानाने आलं, दोन आठवड्यांत. रविवार नव्हता. बाबांनी ते पोस्टमनच्या समोरच उभ्याउभ्या फोडलं. वाचताना त्यांचं बोट एका शब्दावर थांबलं. मोर्तो. तो शब्द त्यांना कोणी समजवून सांगायची गरज नव्हती, लढाईत गेलेल्या कोणत्याही माणसाला त्या भाषेतला तोच शब्द आधी कळतो. आमची तार पोचली तेव्हा नेल्लोला जाऊन सोळा दिवस झाले होते. मी बोटांवर दिवस मोजले. नारळ डब्यातून गडगडला, त्या आठवड्यात तो गेला होता. पुंगळी तेव्हा तीन आठवड्यांपासून आमच्या पेटीत होती. पहिल्या दिवशी पाकीट फोडलं असतं तर तार पोचली असती, पत्रसुद्धा पोचलं असतं. कोणी मोठं गणित नव्हतं ते. अकरा वर्षांच्या पोरीला जमलं.

संध्याकाळी सदाशिवकाका आले. मायने चहा केला आणि बघते तर काका आपला गिलास आणायचा विसरले होते. माय घुटमळली. काका म्हणाले, "दे वयनी, असाच दे," आणि आमच्या कपातून प्यायले. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. असतं तर मला वाटतं त्यांना ते नेल्लोला लिहून कळवावंसं वाटलं असतं.

नेल्लोच्या पोरीने पुढे दोन वर्षं पेपर पाठवले. बाबा पुंगळी आली की दारातच सगळे पेपर एकदम सोडवत आणि पाच मिनिटांत पाचही निकाल बघून घडी करून ठेवत. पोळपाटावर नुसत्या पोळ्या होऊ लागल्या. दोन वर्षांनी टीम खालच्या लीगमध्ये गेली. बाबांनी ते वाचलं, पेपर मांडणीवर अंथरला आणि ड्युटीला गेले. मैदानाचं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

मी मोठी झाले, इथल्याच शाळेत शिकवायला लागले, लग्न झालं. पण ती निळी कड माझ्या आत तशीच राहिली. आजही घरात बंद पाकीट पडलेलं मला चालत नाही, विजेचं बिल असो की लग्नाची पत्रिका, मी दारातच फोडते. सुनेला वाटतं सासूला चौकशा फार. वाटू दे.

बाबांच्या शेवटच्या वर्षी ते कॅम्प सोडून कोहक्यात बांधलेल्या घरी खाटेवरच असत. प्लांटची धूळ छातीत बसली होती. असाच मे महिना होता, दुपारची वेळ, मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. आता नाही बोलले तर कधीच नाही, असं वाटलं, आणि मी तेलाच्या हातानेच सांगून टाकलं. "बाबा, त्या शेवटच्या पुंगळीत चिठ्ठी होती थे मले पयल्या दिवशीच दिसलं होतं. मी सांगतलं नाई तुमाले."

पंचवीस-तीस वर्षं मी या क्षणाला भीत होते. ते रागावतील, रडतील, नाहीतर माफ करतील. माफ करतील याचीच जास्त भीती होती.

बाबा वर पत्र्याकडे बघत होते. म्हणाले, "मले बी दिसलं होतं, बाई. पयल्याच रविवारी. दुपट्टा टाकतानी."

"मंग कावून नाई काढलं?"

"मधातून काढलं तर टीम पडन, असं वाटलं," ते म्हणाले. "देव तर सोडले होते आपन. भेव कुठी ठेवाव मंग?"

मग त्यांनी पाणी मागितलं. मी उठून दिलं.